जुन्या वस्तूंतून सजावट: आधी जोड कसा घालायचा ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घर दोन खोल्यांचं. कपाटात आईच्या आणि सासूबाईंच्या जुन्या साड्या, माळ्यावर ऑनलाइन खरेदीचे खोके, ओट्याखाली लोणच्याच्या आणि जॅमच्या रिकाम्या बरण्या. व्हिडिओ बघून तुम्ही दोन बाटल्या रंगवल्या आणि महिन्याभरात त्यांच्या रंगाचे पापुद्रे सुटले. आता गणपतीच्या आधी टाकाऊतून घर सजवायचं आहे, मखरही घरीच करायचं आहे. त्यासाठी ग्लू गन, ॲक्रिलिक रंग, ग्लिटर, वार्निश असं सामान विकत घ्यावं का? आणि आजीचं इरकल लुगडं कापायला हात होत नाही, त्याचं काय करावं?

सामान घेऊ नका, हे पहिलं उत्तर. त्यामागचं कारण मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण तुमची अडचण सामानाची नाहीच.

जुन्या कपड्यांपासून वस्तू शिवायला मी बचत गटांतल्या बायकांना बरीच वर्षं शिकवते. नवीन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीचा प्रश्न 'यातून काय बनवता येईल?' असाच असतो. मी त्यांना आधी विचारते, की हे तुकडे एकमेकांना कसे जोडणार आहात? शिवून, बांधून, खाच पाडून, की चिकटवून? या एका निर्णयावर ती वस्तू किती टिकेल, धुता येईल का, बिघडली तर दुरुस्त होईल का, आणि नकोशी झाली की तिचं पुढे काय होईल, हे सगळं ठरतं.

काचेची रिकामी बरणी भंगारवाल्याच्या दृष्टीने माल असते. ती वितळवून पुन्हा काच होते. तीच बरणी रंगवली, तिला गरम गोंदाने लेस आणि मोती चिकटवले, वरून ग्लिटर मारलं, तर ती काचेतही जात नाही आणि कापडातही नाही. ग्लू गनची कांडी प्लास्टिकचीच असते आणि ग्लिटर म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकची भुकटी. म्हणजे जी गोष्ट सुटी असताना पुनर्वापरात जाणार होती, तिला आपण पैसे खर्चून कायमचा कचरा केलं. पुण्यात १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातूनच पुढे आलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था, यांच्या कचरावेचक बायका रोज हाताने माल वेगळा करतात. कागद एका बाजूला, काच दुसऱ्या, पत्रा तिसऱ्या. असं सगळं एकात एक चिकटवलेलं त्यांच्या हातात आलं तर त्यांनी ते कुठल्या ढिगात टाकायचं? म्हणून माझा नियम एकच: जे जोडाल ते परत सोडवता आलं पाहिजे. सुईदोरा, सुतळी, गाठ, खाच आणि फारच गरज पडली तर पिठाची खळ, एवढ्यात घराची सगळी सजावट होते.

तुमच्या बाटल्यांचा रंग सुटला तोही जोड नीट न बसल्यानेच. काच गुळगुळीत असते, तिच्यात रंग मुरत नाही, नुसता वर बसतो. त्यात हाताचं तेल राहिलेलं असलं आणि पावसाळी दमट हवा असली, की पापुद्रा सुटणारच. वार्निश मारून तो दोन महिने जास्त टिकला असता, इतकंच.

आता साड्या. सुरुवात इथूनच करा, कारण घरात सर्वांत जास्त आणि सर्वांत चांगला माल हाच असतो. आधी सुती कोणत्या आणि कृत्रिम धाग्याच्या कोणत्या, ते वेगळं करा. नुसत्या हाताला नेहमी कळत नाही. प्रत्येक साडीच्या कडेचे चार-पाच धागे उपसा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरली जाणारी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. दोन्हीचे मिश्र धागे असले तर राखेत खडा लागतो. सुती साड्यांच्या गोधड्या, पायपुसणी, पिशव्या होतात. पॉलिस्टरच्या साड्या पाणी शोषत नाहीत, पण उन्हात सुतीपेक्षा जास्त टिकतात, म्हणून त्यांचे पडदे करा. फक्त दिव्याजवळ आणि गॅसच्या ओट्याजवळ त्या कधीही लावू नका. वितळलेलं कापड कातडीला चिकटतं आणि भाजणं फार वाईट होतं.

दुसरी पारख उजेडाची. साडी खिडकीसमोर धरून पूर्ण लांबी सरकवत बघा. नेसून नेसून साडी सगळीकडे सारखी विरत नाही, बसण्याच्या जागी आधी विरते, पदर आणि काठ बरेच दिवस शाबूत राहतात. आपल्याकडे लुगड्याला दंड घालायचे ते याच कारणाने. विरलेला भाग कापून काढायचा आणि चांगले दोन भाग एकमेकांना शिवायचे, की लुगडं आणखी एक-दोन वर्षं चालायचं. तुम्हीही तसंच करा. विरलेल्या कापडाचा पडदा शिवलात तर पहिल्या धुण्यातच फाटेल. तो भाग गोधडीच्या आतल्या थराला ठेवा, तिथे तो मऊपणामुळे उलट जास्त चांगला लागतो.

आजीच्या इरकलीचं मात्र वेगळं आहे. इरकल हातमागाची असेल, तर तिचं अंग आणि पदर एकाच ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, विणलेले नसतात. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावचे (इरकल हे नाव त्यावरूनच) विणकर अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा निरनिराळे लावतात आणि धाग्याच्या फासात फास अडकवून ते मागावरच जोडतात. त्या पद्धतीला तिकडे टोपे तेणी म्हणतात. साडी उलटी करून पदर सुरू होतो तिथे बोट फिरवा, तो जोड हाताला लागेल. अशी साडी अखंड असेल तर ती कापू नये, असं माझं ठाम मत आहे. पैठणीलाही तेच लागू. अखंड लुगडं भिंतीवर टांगता येतं. वरच्या कडेला मागून सुती पट्टीचा नेफा शिवा, त्यात बांबूची काठी घाला, म्हणजे भार सगळ्या रुंदीवर सारखा पडतो आणि खिळ्याची भोकं पडत नाहीत. भिंत ऊन न येणारी निवडा आणि वर्षातून दोनदा घडी बदलून लावा. साडी फाटलेलीच असेल, तर मात्र काठ आणि पदर जपून कापून काढा. काठाचं तोरण सुंदर होतं, आणि धूळ बसली की धुताही येतं.

पडद्याचा हिशोब असा: सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पन्हा ४५ ते ४८ इंच. सात फुटी दारासाठी नेफा आणि खालची दुमड धरून अडीच मीटर लागतं. म्हणजे एका साडीत दारांचे दोन पडदे होतात आणि अर्धा मीटर उरतं, त्यात पडदे बांधायच्या पट्ट्या. काठ खाली येईल असं न करता उभे बाजूला ठेवा, शिवण निम्मी वाचते. खिडकी पश्चिमेची असेल आणि साडी सुती असेल, तर मागे जुन्या चादरीचं अस्तर लावा. ते अस्तर कच्च्या टाक्याने लावा, म्हणजे दोन वर्षांनी उन्हाने कुजलं की फक्त तेवढंच बदलता येईल.

पायपुसणं नवख्या हाताला सर्वांत सोपं. सुती साडीला कडेला कात्रीने चीर द्या आणि तीन इंच रुंदीच्या पट्ट्या हाताने फाडा. फाडलेली पट्टी धाग्याला धरून सरळ जाते, कापलेली वाकडी होते. तीन पट्ट्यांची वेणी घाला, जमिनीवर सपाट ठेवून गोल गोल वेढे द्या आणि वेढ्याला वेढा जाड दोऱ्याने शिवत जा. एकच काळजी घ्या, बाहेरच्या वेढ्यांना वेणी थोडी सैल सोडायची. सगळीकडे सारखी ताणली तर पायपुसणं मध्ये फुगतं आणि जमिनीवर बसत नाही. न्हाणीघरापुढे ठेवायचं असेल तर वेणी बारीक ठेवा, कारण जाड पायपुसणं पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतं. फरशी गुळगुळीत असेल आणि घरात वयस्कर माणसं असतील, तर ते घसरणार नाही याची आधी खात्री करा.

गोधडीबद्दल बऱ्याच जणी उत्साहाने विचारतात. माझं सांगणं, की आधी तुमच्याकडे वाळवायला जागा किती आहे ते बघा. गावाकडची वाकळ आठ-दहा थरांची असायची, ती नदीवर धुवायची आणि खडकावर वाळवायची. फ्लॅटच्या गॅलरीत एवढी जड गोधडी पिळताही येत नाही. तुम्ही चार थरांपुढे जाऊ नका. वर-खाली चांगल्या साड्या, आत दोन विरलेल्या. जमिनीवर अंथरून सुरकुत्या काढा, चारही कडा आत दुमडून घ्या आणि कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने आत आत फिरत या, दोन ओळींत बोटभर अंतर ठेवून. अशी चौकोनी फिरत मधोमध आलेली शिवण सगळे थर एकमेकांत धरून ठेवते. मशीनवर थर सरकतात आणि कापडाला चुण्या पडतात, म्हणून गोधडी हातानेच शिवावी.

आता मखर, तुमचा मुख्य प्रश्न. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राच्या नियमांतही ती आली. पुठ्ठ्याची मखरं बाजारात आली, ते चांगलंच झालं. विकत घेताना फक्त एवढं बघा, की पुठ्ठ्यावर चमकणारा प्लास्टिकचा थर नको, तसा पुठ्ठा रद्दीत लगदा होत नाही. तुमच्याकडे तर खोके पडलेलेच आहेत.

खोक्याच्या पुठ्ठ्याच्या कडेला बघा, दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद दिसेल. नागमोडी एक थर असेल तर तो तीन प्लायचा, दोन असतील तर पाच प्लायचा. मखराला पाच प्लायचा घ्या, मिक्सर किंवा मोठ्या भांड्यांचे खोके बहुधा तसे असतात. आतल्या नळ्या उभ्या राहतील असाच तुकडा कापा. नळ्या उभ्या असल्या की पुठ्ठा वजन पेलतो, आडव्या ठेवल्या तर दोन दिवसांत कमरेत वाकतो. बहुतेक घरगुती मखरं पडतात ती याच कारणाने.

मूर्ती फूटभर उंचीची धरली, तर तीन तक्ते करा, मागचा दोन फूट रुंद, बाजूचे दीड-दीड फूट, उंची अडीच फूट. तक्त्यांच्या कडांना बोटभर आत दाभणाने भोकं पाडा आणि सुतळी ओवून ते एकमेकांना बांधा. सुतळी किंचित सैल ठेवली की तिची बिजागरी होते. तक्ते दोन्ही बाजूंनी पुढे वळवून मखर आपलं आपण उभं राहतं आणि उत्सव झाला की सपाट मिटून पलंगाखाली जातं. वर कमान हवी असेल तर ती चिकटवू नका. कमानीत खालून आणि बाजूच्या तक्त्यांत वरून खाचा पाडा. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढी, किंचित कमीच. खाच सैल झाली तर कमान हलते. खाचेची खोली कमानीच्या निम्म्या उंचीएवढी ठेवा.

आता या तक्त्यांवर साडी चढवायची. साडी पुढून ताणून मागे दुमडा आणि मागच्या बाजूला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लांब लांब टाके घेत दोरा ओढून घ्या. पुढून कापड तंग दिसेल, पुठ्ठ्याला एकही डाग लागणार नाही, आणि विसर्जनानंतर दोरा कापला की साडी जशीच्या तशी परत कपाटात. पुढच्या वर्षी दुसरी साडी चढवा, मखर नवं. चांगल्या रेशमी साड्यासुद्धा अशा वापरता येतात, कारण त्या कुठे कापल्या जात नाहीत.

चार गोष्टी मात्र काटेकोर पाळा. मूर्ती कधीही पुठ्ठ्यावर ठेवू नका, लाकडी पाट किंवा चौरंगच हवा. पूजेत पाणी सांडतं आणि ओला पुठ्ठा वजन धरत नाही. निरांजन, समई आणि उदबत्तीचं घर मखराच्या पुढे, कापडापासून किमान दीड-दोन फूट लांब ठेवा, आणि आरती फिरवताना कमानीला झिरमिळ्या लोंबत नाहीत ना ते बघा. दिव्यांची माळ लावायचीच असेल तर एलईडीची, जुनी तापणारी बल्बची नको. भाद्रपदातल्या दमट हवेत पुठ्ठा ओल ओढतो, म्हणून तक्ते भिंतीला टेकवू नका, चार बोटं हवा खेळू द्या.

खळीचं सांगते. कागदावर कागद चिकटवायचा असेल तेव्हाच ती लागते. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, गार पाण्यातच गुठळ्या मोडून मग मंद आचेवर सतत ढवळायचं, अर्धपारदर्शक झालं की उतरवायचं, चिमूटभर तुरटी घालायची. दोन दिवसांत संपवा. कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असतं, घरात लहान मूल असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद लावला तर वाळताना तो त्या बाजूला ओढला जाऊन वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना लावा.

कागदाच्या लगद्याच्या टोपल्यांबद्दलही तुम्ही विचार करत असाल. आपल्याकडे बांबूच्या सुपाला आणि टोपलीला भिजवलेल्या कागदाचा आणि वाटलेल्या मेथीचा लगदा लिंपायची जुनी पद्धत आहे. मेथीचा चिकटपणा लगदा धरून ठेवतो. अप्रतिम वस्तू होतात, हलक्या आणि मजबूत. पण त्याला कडक ऊन लागतं. श्रावणात लगदा वाळत नाही, बुरशी धरतो. हे काम मार्च-एप्रिलसाठी ठेवा.

उरल्या तुमच्या बरण्या. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, लेबल निघेल. चिकटा राहिला तर खोबरेल तेल आणि खायचा सोडा लावून घासा. मग त्या तशाच पारदर्शक वापरा. गळ्याला सुतळी गुंडाळायची असेल तर गोंद लागत नाही. सुतळीच्या एका टोकाचा फास बाटलीवर आडवा धरा, त्याच्यावरून घट्ट वेढे देत या, शेवटचं टोक फासातून ओवा आणि पहिलं टोक ओढा. फास वेढ्यांच्या खाली सरकतो आणि दोन्ही टोकं आतच अडकतात. पाण्यात मनी प्लांट लावलात तर पाणी दर आठवड्याला न चुकता बदला आणि बरणी आतून घासा. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी काचेच्या कडेला चिकटतात, म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही.

पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांच्या कुंड्या करू नका, भले सगळीकडे दाखवत असोत. गॅलरीच्या उन्हात ते प्लास्टिक ठिसूळ होतं आणि त्याचा चुरा मातीत जातो. त्या बाटल्या भंगारात दिल्या तर त्यांचा धागा होतो, तेच बरं. झाडासाठी तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घ्या. वरची धार आत वळवून हातोडीने ठोका, तळाला आतून बाहेर खिळ्याने सात-आठ भोकं पाडा, आणि खाली दोन विटा ठेवा, म्हणजे तळ ओला राहून गंजणार नाही. तुम्ही समुद्राजवळ राहत असाल तर डबा दोन-तीन पावसाळ्यांवर टिकणार नाही, हे धरूनच चाला.

विकत घ्यायचं ते एवढंच: गोधडीची लांब सुई, एक दाभण, जाड सुती दोऱ्याचं रीळ, सुतळीचा गुंडा, पुठ्ठा कापायचा कटर आणि त्याची दोन जास्तीची पाती. पातं बोथट झालं की पुठ्ठा कापण्याऐवजी दबतो आणि हातही जास्त जोर लावून घसरतो, म्हणून ते बदलायला कंजुषी नको. मुलांना खाचा आखायला द्या, कापायला नको.

गणपतीला महिना-दीड महिना असेल, तर आधी मखराचे तक्ते कापून ठेवा, ते दोन दुपारींत होतात. मग दाराचे पडदे. साडी चढवायचं काम शेवटच्या दोन-तीन दिवसांत करा, नाहीतर धूळ बसते. पायपुसणं रात्री गप्पा मारत होतं. गोधडीला दिवाळीनंतर हात घाला आणि पहिली मोठी न करता बाळाच्या दुपट्याएवढीच करा. त्या आकाराला एकच साडी पुरते, आणि धावदोरा सरळ जायला लागतो तोवर ती पूर्ण झालेली असते.